फाईलीतला लाल रंग

दिवाळी अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हणून फोन केला, तेव्हा मी आधी त्यांच्याशीच वाद घातला. म्हटलं, असलं काही लिहायला माणूस निवृत्त तरी असावा, निदान शांत तरी. माझा अजून या कामावरचा राग उतरलेला नाही. ते म्हणाले, मग रागासकट लिहा. तर हे रागासकट आहे. गोड लागलं नाही तर फराळाचं ताट बाजूलाच असेल.

माझं अर्धं काम लोकांना लगेच कळतं. मोताळ्यात आमची शेतकऱ्यांची एक लहानशी चळवळ आहे. एक खोली, दोन खुर्च्या, एक कॉम्प्युटर. तिची पत्रकं मी लिहिते आणि आठवडी बाजारात वाटते. पत्रक लिहिण्याचा नियम एकच: उभ्या उभ्या, एका हातात भाजीची पिशवी धरलेल्या माणसानं ते वाचलं पाहिजे. उरलेलं अर्धं काम सांगायला गेलं की समोरचा चहा संपवून उठतो. मी कॉम्प्युटरवरच्या फाईलींना रंग लावते.

उठू नका, सोपं आहे.

समजा शंभर लोकांचा एकच अर्ज लिहायचाय. मजकूर तोच, फक्त नाव, गाव, गट नंबर वेगळा. मग शंभर अर्ज लिहीत बसायचं नाही. एक साचा करायचा. साच्यात मराठी मजकूर असतो. पानावर काय कुठं बसेल हे सांगणारी एक यंत्राची भाषा असते. आणि मधेमधे रिकाम्या जागा असतात: 'इथं नाव भर', 'जमीन दोन एकरांपेक्षा कमी असेल तर हे वाक्य छाप, नाहीतर ते'. या जागांची भाषा आणखी वेगळी. म्हणजे एका फाईलीत तीन-चार भाषा एकमेकींच्या मांडीवर बसलेल्या. ही फाईल ज्या एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्राममध्ये, उघडायची, त्याच्यात सोय असते की प्रत्येक भाषेला वेगळा रंग दिसावा. यंत्राला रंग दिसत नाही. छापलेल्या कागदावर तो येत नाही. रंग फक्त फाईल वाचणाऱ्या माणसासाठी. 'रंगानं कोणाचं काही बिघडत नाही,' असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायची.

ज्या हंगामात हे खोटं ठरलं, तो गुलाबी बोंडअळीचा हंगाम. बीटी बियाण्याच्या पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीला, बोंडअळी लागत नाही, असं दुकानापासून गाडीवरच्या भोंग्यापर्यंत सगळ्यांनी सांगितलं होतं. त्या साली बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत गुलाबी अळी आणि सडलेली रुई. बाया वेचायला गेल्या की कमरेला बांधलेला ओटा रिकामाच घेऊन परत येत.

बाजाराच्या दिवशी आम्ही सभा घेतली. एका बियाणे कंपनीचा माणूस आला होता, इस्त्रीच्या शर्टात. तो म्हणाला, चूक शेतकऱ्याची आहे. बीटीच्या थैलीत एक छोटी पुडी असते, साध्या कपाशीच्या बियाण्याची. ती शेताच्या कडेनं लावायची असते, म्हणजे अळीला विषाची सवय लागत नाही. तुम्ही लोकांनी ती लावली नाही. "सूचना पुडीवर दिलेली आहे," तो म्हणाला.

मी उभी राहिले. "कोणत्या भाषेत?"

 मी खिशातून तसलीच एक पुडी काढली आणि सभेला फिरवली. बारीक इंग्रजी, तेही करड्या अक्षरात. टाळ्या पडल्या. दुसऱ्याच दिवशी पत्रक काढलं: 'जी वाचता येत नाही ती सूचना नव्हे, ती पळवाट!' आमच्या खोलीच्या भिंतीवर ते अजून डकवलेलं आहे. माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक. हे मुद्दाम सांगतेय, पुढं लागेल.

मग अर्ज करायचे ठरले. बियाण्याबद्दल तक्रार दिली की एक समिती शेतात येते, उभं पीक पाहते, बोंडं फोडते आणि पंचनामा करते. अट अशी की पीक उभं हवं आणि अर्जात बियाण्याच्या थैलीवरचा लॉट क्रमांक हवा. तो नसेल तर बियाणं कोणतं हे सिद्ध कसं होणार? त्यामुळे आम्ही गावोगाव फिरून थैल्या गोळा केल्या. कोणी थैलीत मीठ भरलेलं, कोणी ती खिडकीच्या फटीत कोंबलेली.

वडनेर भोलजीच्या पुढं एका खेड्यात कासाबाई राहते. दोन एकर पऱ्हाटी, एकटीच्या जिवावर केलेली. तिनं थैली धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवलेली होती. म्हणाली, "मले ठाऊक होतं, कोन्तरी इचारीनच." बाकी सगळ्यांनी एक तुकडा राखून उरलेल्या पऱ्हाट्या उपटून हरभऱ्याची तयारी चालवली होती. कासाबाईनं आमच्या शब्दावर दोन एकर उभं ठेवलं. जमिनीत ओल होती तोवरच हरभरा पेरता येणार होता. तिचा एकेक दिवस आमच्याकडे गहाण होता म्हणा. मी तिला म्हटलं, "आठ-दहा दिवसांत समिती येईल."

आता अन्वरचाचा. चाळीस वर्षं त्यांनी चिखलीच्या एका छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवले आणि प्रुफं तपासली. छापखाना बंद झाल्यावर मोताळ्यात लेकीकडे राहायला आले. घरात बसवेना म्हणून आमच्या खोलीवर येत. माझी पत्रकं तेच तपासत. खिशाला कायम एक पेन्सिल, एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी. निळं म्हणजे दुरुस्त करा, लाल म्हणजे काढा. त्यांच्या छापखान्याची रीत, आणि त्यांनी ती मलाही लावली. माझ्या पत्रकावर लालच जास्त असे.

अर्जाचा साचा मी लिहिला तो पत्रकासारखाच. 'लुटारू कंपन्यांनी आमच्या घामाची थट्टा केली' वगैरे. चाचांनी स्क्रीनवर दोन ओळी वाचल्या आणि चष्मा काढला.

"बेटा, हा अर्ज हाय का भांडन हाय?"

"भांडणच आहे चाचा."

"मंग बाजारात कर. अर्जात चिल्लावाचं नसते. अर्ज ठंडा पाह्यजे. सायबाले राग नाई आला पाह्यजे, शरम आली पाह्यजे."

मी म्हटलं, मग तुम्हीच करा ठंडा. कागदावर प्रूफ काढून, लाल-निळं करून, पुन्हा मी टाईप करायला वेळ नव्हता. शेवटची तारीख जवळ आली होती. थेट फाईलीतच बसा म्हटलं. चाचांना टायपिंग येत होतं, एका बोटानं, पण पक्कं.

त्यांनी फाईल उघडली आणि पाच मिनिटांत हाक मारली. "सविता, याच्यातलं माह्यं कोन्तं अन् मशीनचं कोन्तं?"

पाहिलं तर खरंच कळत नव्हतं. पहिल्या दहा ओळी ठीक, तिथून खाली सगळी फाईल एकाच रंगाची. मराठी मजकूर, खुणा, कंस, सगळ्यांवर एकच पिवळट चादर.

कारण सांगते, कारण माझ्या धंद्यातली मूळ अडचण हीच. एडिटर फाईल वरून खाली नियमांनी वाचतो. अमुक खूण दिसली की अमुक गोष्ट सुरू झाली, तमुक दिसली की संपली. आता, पानाची मांडणी सांगणारी भाषा आपली प्रत्येक आज्ञा 'पेक्षा कमी' या चिन्हानं सुरू करते, तो बाणाच्या टोकासारखा कंस. आणि माझ्या रिकाम्या जागेत अट होती: जमीन दोन एकरांपेक्षा कमी असेल तर. तिथंही तेच चिन्ह. एडिटरला वाटलं, आज्ञा सुरू झाली. तिचा शेवट शोधत तो खाली पळत सुटला आणि वाटेत दिसेल त्याला एकच रंग फासत गेला.

आमच्या जिल्ह्यात हे समजावायला त्रास पडू नये. चाचा एका वाक्यात मराठी सुरू करतात, मधे उर्दू येते, शेवट वऱ्हाडीत होतो. ऐकणारा अडखळत नाही. पाहुणा शब्द कुठं आला आणि कुठं उठून गेला हे कानाला कळतं. एडिटरला कान नाही. त्याला शिकवावं लागतं: पाहुणा, म्हणजे रिकाम्या जागेतली भाषा, आधी ओळख. तो बोलतोय तोवर घरच्यांचे नियम बंद. तो उठला की जिथं होतास बरोबर तिथंच परत ये. हे तीन नियम ऐकायला एवढुसे, पण लिहायला मला दोन दिवस लागले. पाहुणा कधी अवतरणाच्या आत येतो, कधी आज्ञेच्या पोटात. एक जागा धरली की दुसरीकडे रंग फुटायचा. पुण्यातले एक ओळखीचे गृहस्थ याच कामात आहेत, त्यांना फोन केला. ते म्हणाले, "रंगाचं एवढं काय? आम्ही तर रंगाशिवाय वाचतो." मी म्हटलं, तुम्ही वाचता हो, माझ्या चाचांना वाचायचंय. आणि फोन आपटला. राग हा माझा स्वभाव नाही, कामाचं अवजार आहे, असं मी तेव्हा मानत असे.

तिसऱ्या दिवशी जमलं. मराठी मजकूर काळा. मांडणीच्या आज्ञा फिक्या करड्या. रिकाम्या जागा निळ्या: नाव, गाव, गट नंबर. आणि ज्या जागेशिवाय अर्ज वाया जाईल, ती सगळ्यात महत्त्वाची जागा मी लाल केली. लॉट क्रमांक. लाल डोळ्यात भरतो, म्हणून लाल. फाईलीच्या अगदी वर मी रंगांचा खुलासाही लिहून ठेवला, कोणता रंग कशाचा.

चाचा आले, पाहिलं, खूश झाले. "वा, हे तर पंगत बसल्यासारखं झालं. आता वाढनारा कोन अन् जेवनारा कोन ते दिसते."

मला वडनेरची जीप पकडायची होती. दारातून ओरडले, "चाचा, फक्त मराठी पाहा, बाकीच्याला हात लावू नका, आणि आजच संपवा!" आणि पळाले.

दुसऱ्या दिवशी अर्ज छापले. वाचून पाहिला एक अर्ज. काय मराठी होतं! थंड, सरळ, शरम आणणारं. नावं बरोबर, गावं बरोबर. गावोगाव सह्या-अंगठे घेतले, गठ्ठा कृषी कार्यालयात दिला, पोच घेतली. मी बाजारात येऊन एक भजे-प्लेट खाल्ली, विजयाची.

आठव्या दिवशी गठ्ठा परत. वरच्या कागदावर एक ओळ: अर्जात लॉट क्रमांक नमूद नाही.

मी म्हटलं, बदमाशी आहे. जीपमध्ये बसल्या बसल्या पत्रकाचं शीर्षकही सुचलं. मग एक अर्ज उघडून वाचला. 'सदर वाणाचे बियाणे मी पेरले.' दुसरा. 'सदर वाणाचे बियाणे मी पेरले.' वाक्य इतकं गुळगुळीत की त्यातून काही गेलंय हे बोट फिरवूनही कळू नये. मूळ वाक्यात 'वाणाचे' आणि 'बियाणे' यांच्यामध्ये माझी लाल जागा होती. 'लॉट क्रमांक' हे शब्द आणि आकडा, दोन्ही तिथं आपोआप भरले जाणार होते. जागाच नव्हती, त्यामुळे यंत्रानंही काही कुरकुर केली नव्हती.

खोलीवर पोचले तेव्हा चाचा पेपर वाचत होते. मी गठ्ठा टेबलावर आदळला.

"लाल काऊन काढलं तुम्ही?"

त्यांना आधी प्रश्नच कळला नाही. मग म्हणाले, "तूच लाल केलं ना, म्हनून काढलं."

"मी काढायला लाल केलं होतं?"

"लाल कायले करतात मंग? चाळीस साल झाले, मी लाल काढून राह्यलो. मले वाटलं, पोरीनं निशानी करून ठेवली, जाताना सांगाले भुलली."

"त्यात काय होतं ते तरी बघायचं!"

"पाह्यलं. तीन अंग्रेजी अक्षरं होती. त्याचा मतलब मले कसा कळन?"

खरं होतं. निळ्या जागांना मी 'नाव', 'गाव' अशी वाचता येणारी नावं दिली होती. लाल जागेला घाईत तीन अक्षरांचं संक्षिप्त नाव दिलं होतं, जे फक्त मला कळत होतं. पण मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. कासाबाईचं दोन एकर डोळ्यांसमोर उभं होतं. मी ओरडले, "सूचना फाईलीच्या वर दिलेली होती चाचा!"

चाचांनी घडी घालून पेपर ठेवला. आवाज चढवला नाही.

"कोन्त्या भाषेत, बेटा?"

मी स्क्रीनकडे पाहिलं. खुलासा होता, पहिल्याच ओळीला. इंग्रजीत. बारीक. आणि माझ्याच नियमानं तो करडा झाला होता, मांडणीच्या आज्ञांसारखा, म्हणजे 'इथं तुझं काही नाही' असं सांगणारा. चाचांच्या मागच्या भिंतीवर माझं गाजलेलं पत्रक होतं. ते मोठ्या टाईपात होतं. उभ्या उभ्या वाचता येत होतं.

मी माफी मागितली नाही. तेव्हा नाही. मी म्हटलं, "जागा परत टाका, मी कागद आणते." माणूस चुकल्यावर जसा पळत सुटतो, तशी मी पुढचे दोन दिवस पळाले. अर्ज पुन्हा छापले, या वेळी मी आणि चाचांनी एकेक मोठ्यानं वाचला, त्यांनी अर्ज धरला, मी थैली. पुन्हा गावं, पुन्हा अंगठे. एक म्हातारबाबा म्हणाले, "काय वं बाई, माह्या अंगठ्याचा छापखाना केला का?" शेवटच्या तारखेला, दार लावायच्या आत, गठ्ठा आत गेला.

कासाबाईकडे मी शेवटी गेले, कारण तिच्याकडे जायची हिंमत शेवटीच आली. ती धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसली होती. बोटानं माती उकरून ओल पाहत होती.

"कवा येतात?" तिनं विचारलं.

"आणखी आठ-दहा दिवस लागतील."

"आठ-दहा दिवस तं मागंच झाले."

मी तिला सगळं सांगितलं. रंग, पेन्सिल, चाचा, मी. तिला एडिटर म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण माझ्या गोष्टीत ती कुठंही अडली नाही. एवढंच विचारलं, "त्या बुढ्याले तू तोंडानं नाई सांगतलं, लाल काय हाय म्हनून?"

"नाही. घाई होती."

"हाव," ती म्हणाली. "घाई तं असते."

मग उठली. "ओल उडून चालली, पोरी. हरभरा नाई पेरला तं मी खाऊ काय? धुऱ्याच्या बाजूची चार तासं ठेवते उभी. बाकी उपटते." तास म्हणजे ओळ. दोन एकरांतल्या चार ओळी.

मी म्हणायला हवं होतं की सगळं उभं ठेवा. कशाच्या जोरावर म्हणणार होते?

समिती बाराव्या दिवशी आली. माणसं वाईट नव्हती. त्यांनी चार ओळींमधली बोंडं फोडली, अळ्या मोजल्या, लॉट क्रमांक थैलीशी ताडून पाहिला. तो बरोबर निघाला. मग बाजूच्या तीन बोटं उंच हरभऱ्याकडे पाहून साहेबांनी विचारलं, "इथं काय होतं?"

"पऱ्हाटीच होती साहेब," मी म्हटलं. "अशीच."

"असेल हो. पण मी जे उभं आहे तेच लिहू शकतो."

आणि त्यांनी तेच लिहिलं. पंचनाम्यात कासाबाईचं नुकसान चार ओळींचं झालं. मी भांडले, खूप भांडले, पत्रक काढलं, वरच्या कार्यालयात निवेदन दिलं. उत्तर आलं नाही. त्या गावातल्या बाकीच्यांनी शेतातला एक मोठा तुकडा तरी राखला होता. त्यांचं बरंच धरलं गेलं. ज्या बाईनं आमच्या शब्दावर सगळ्यात जास्त राखलं होतं, आणि सगळ्यात जास्त दिवस, तिचं सगळ्यात कमी. मी कंपनीला शिव्या देते, अजून देते, त्या तिनं कमावलेल्या आहेत. पण दोन एकरांची चार तासं कंपनीनं केली नाहीत.

ती रंगांची नियमावली मी पुढं नीट केली. आज ती दुसऱ्या काही लोकांच्याही कामाला येते. चिखलीच्या एका शाळेतल्या बाई तिच्यावर गुणपत्रिका काढतात. नियम तेच आहेत, पाहुणा आधी ओळखायचा. फक्त लाल रंग मी कोणालाच दिलेला नाही. महत्त्वाच्या जागेचा रंग आम्ही चाचांनाच विचारून ठरवला: हिरवा. वरचा खुलासा मराठीत, काळ्या अक्षरात, आणि तो पहिल्यांदा चाचांनी मोठ्यानं वाचला, मग मी मंजूर केला. त्या दिवशी माफी मागितली. ते म्हणाले, "चल, आता काम कर," आणि माझ्या नव्या पत्रकावर लाल पेन्सिल चालवायला घेतली.

पुढच्या हंगामात, पेरणीच्या तोंडावर, बाजाराच्या दिवशी कासाबाई आमच्या खोलीवर आली. मला वाटलं, शेवटी ऐकवायला आली. तिनं नव्या बियाण्याची थैली टेबलावर ठेवली, फोडली, आतून ती छोटी पुडी काढली आणि माझ्यापुढं सरकवली.

"याच्यावर काय लिवलं ते वाच."

मी सवयीनं म्हटलं, "थांबा मावशी, मी मराठी करून मोठ्या अक्षरात छापून देते, रंगीत."

"रंगीत नोको," कासाबाई म्हणाली. खुर्ची ओढून बसली, पदर सावरला. "तोंडानं सांग. मी बसली हावो."

बाहेर जीपवाला वडनेर, वडनेर म्हणून ओरडत होता. मला त्याच जीपनं जायचं होतं. मी पुडी हातात घेतली आणि पहिल्या शब्दापासून सांगायला सुरुवात केली.